आरएलएस लावलंय, तरी सगळ्यांना सगळं दिसतंय

"आमच्या नागपूरच्या एरिया मॅनेजरला कोल्हापूरचा सेल दिसतोय, आम्ही तर आरएलएस लावलंय, मग हे कसं काय?" हा प्रश्न मला अधूनमधून कोणीतरी विचारतंच. (आरएलएस म्हणजे रो लेव्हल सिक्युरिटी, पॉवर बीआय या मायक्रोसॉफ्टच्या डॅशबोर्डच्या सॉफ्टवेअरमधली सोय, ज्याने ज्याला त्याला आपल्याच ओळी दिसतात.) कधी जुना कलीग, कधी लिंक्डइनवरचं अनोळखी कोणी, आणि एकदा तर चक्क सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, पाण्याच्या टँकरच्या मेसेजच्या खाली. मी उलटा एकच प्रश्न विचारते, त्यांना वर्कस्पेसमधे, म्हणजे रिपोर्ट जिथे ठेवतात त्या सामायिक जागेत, रोल कोणता दिलाय. उत्तर जवळपास ठरलेलं असतं, "मेंबर."

झालं. इथेच सगळं संपलं.

मी पुण्यात एमआयएस, म्हणजे मॅनेजमेंटला लागणारे रिपोर्ट, आणि डॅशबोर्डची कामं करते, बहुतेक पॉवर बीआयमधे, चाकण-भोसरीकडच्या मॅन्युफॅक्चरिंग कंपन्या आणि काही डिस्ट्रिब्युशनवाले. कोणता चार्ट कुठे लावायचा यावर लोक तासन् तास बोलतात पण कोणाला काय दिसणार हा विषय शेवटच्या दिवशी, गो-लाइव्हच्या आदल्या संध्याकाळी निघतो, आणि तोही "आत्ता सगळ्यांना देऊन टाका, नंतर बघू" असं म्हणून गुंडाळला जातो. ते नंतर काही येत नाही, म्हणून म्हणलं एकदा सगळं लिहूनच काढावं.

तर आधी ते चार रोल. पॉवर बीआयच्या वर्कस्पेसमधे व्ह्यूअर, कॉन्ट्रिब्युटर, मेंबर आणि ॲडमिन असे चार रोल असतात. व्ह्यूअर फक्त बघतो. कॉन्ट्रिब्युटर रिपोर्ट बनवतो, बदलतो, पब्लिश करतो. मेंबर ते सगळं करतो शिवाय दुसऱ्यांना आत घेऊ शकतो, ॲप पब्लिश करू शकतो. ॲडमिन तर वर्कस्पेसच डिलीट करू शकतो, कोणालाही काढू शकतो. आणि रो लेव्हल सिक्युरिटी, म्हणजे नागपूरवाल्याला नागपूरच्याच ओळी दिसाव्यात ही सोय, ती यातल्या फक्त व्ह्यूअरला लागू होते. बाकी तिघांना नाही. हे काही बग वगैरे नाहीये, मायक्रोसॉफ्टच्या डॉक्युमेंटेशनमधे सरळ लिहिलंय, आणि विचार केला तर बरोबरच आहे, ज्याला मॉडेल, म्हणजे रिपोर्टच्या मागचा डेटा आणि त्याचे नियम, एडिट करायची परवानगी आहे तो तो फिल्टरच काढून टाकू शकतो, मग त्याला फिल्टर लावून उपयोग काय.

पण ज्याने कंपनीत हे सेटअप केलेलं असतं त्याने आरएलएसचा व्हिडिओ बघून रोल बनवले, डेस्कटॉपवर "व्ह्यू ॲज" करून, म्हणजे दुसऱ्याच्या रोलने बघून, टेस्ट केलं, छान चाललं, मग पब्लिश केलं आणि सगळ्या एरिया मॅनेजरना वर्कस्पेसमधे मेंबर म्हणून टाकलं. का? कारण मेंबर हा शब्द साधा वाटतो. जिमचा मेंबर, क्लबचा मेंबर, तसा वर्कस्पेसचा मेंबर, त्यात काय एवढं. "रोल" हा शब्द दोन ठिकाणी दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरलाय हे कोणाच्या लक्षातच येत नाही, एक मॉडेलमधला आरएलएसचा रोल आणि एक वर्कस्पेसचा रोल, आणि दुसरा पहिल्याला गिळून टाकतो.

खरं तर नुसतं बघणाऱ्या माणसाला वर्कस्पेसमधे घ्यायचंच नसतं. वर्कस्पेस हे बनवणाऱ्यांचं ठिकाण आहे. बघणाऱ्यांसाठी ॲप पब्लिश करायचं, त्यात ऑडियन्स, म्हणजे बघणाऱ्यांचे गट, बनवायचे, सेल्सवाल्यांना हे रिपोर्ट, प्लँटवाल्यांना ते रिपोर्ट. फक्त एक लक्षात ठेवा, ऑडियन्सने कोणता रिपोर्ट दिसेल ते ठरतं, त्या रिपोर्टच्या आत कोणत्या ओळी दिसतील ते आरएलएसनेच ठरतं. लोक ऑडियन्स लावून खूश होतात आणि आरएलएस विसरतात, किंवा उलट.

आता मेंबरचं व्ह्यूअर करा म्हणलं की खरी गंमत सुरू होते. एका कंपनीत मी ॲक्सेसची यादी घेऊन बसले होते, प्लँट हेडनी ती वाचली आणि म्हणाले, "मॅडम, आयटीच्या त्या पोराला ॲडमिन आणि मला व्ह्यूअर?" मी म्हणलं सर, तुम्हाला सगळ्या लाइनचं सगळं दिसणारच आहे, व्ह्यूअर म्हणजे फक्त एवढंच की तुमच्याकडून चुकून रिपोर्ट डिलीट होणार नाही. "ते ठीक आहे हो, पण नाव बघा ना. व्ह्यूअर. म्हणजे मी इथे पिक्चर बघायला आलोय का?" आणि मला त्यांचा राग नाही आला खरंच, कारण ते बरोबर बोलत होते, आपल्याकडे ॲक्सेस म्हणजे मान. लग्नाच्या आमंत्रणाच्या यादीसारखं आहे ते, एका मावशीला पत्रिका घरी जाऊन दिली आणि दुसरीला व्हॉट्सॲप केलं की संपलं. परचेस हेडला जे दिसतं ते क्वालिटी हेडला दिसलं नाही की तो आकडा त्याला हवा असो वा नसो, फोन येणार.

म्हणून मी आता यादी करताना रोलची नावं समोर आणतच नाही. प्रत्येकाला विचारते, तुम्ही महिन्यात कोणते निर्णय घेता, आणि त्या निर्णयाला कोणता आकडा लागतो. लाइन सुपरवायझरला आपल्या शिफ्टचं रिजेक्शन आणि डाउनटाइम लागतो. एरिया मॅनेजरला आपल्या डीलरचा सेल, आउटस्टँडिंग, टार्गेट. परचेसवाल्याला व्हेंडरप्रमाणे रेट. एचआरला हजेरी आणि इन्सेंटिव्ह. एमडी साहेबांना सगळं, पण बघायलाच, म्हणजे तेही व्ह्यूअरच, आणि एकदा एमडी व्ह्यूअर झाले की बाकी कोणाची तक्रार येत नाही, ही ट्रिक फुकट देतेय. असं केलं की शंभर माणसांच्या कंपनीतसुद्धा पाच-सहा गटच निघतात.

हे माझं काही डोकं नाही. 1975 साली सॉल्टझर आणि श्रोडर यांनी कॉम्प्युटर सिक्युरिटीवरच्या पेपरमधे लिहून ठेवलंय की कामाला लागते तेवढीच परवानगी द्या, आणि 1992 मधे अमेरिकेच्या निस्ट या सरकारी संस्थेतल्या फेराइओलो आणि कून यांनी ते रोलचं मॉडेल मांडलं, की परवानगी माणसाला नाही, भूमिकेला द्यायची आणि माणसाला भूमिकेत बसवायचं. आज आपण ज्या ज्या सॉफ्टवेअरमधे "रोल" बघतो, ते बहुतेक याच विचारावर चालतं. आणि आपण करतो काय, तर "कुलकर्णी सरांना दिलंय तेच जाधव सरांना द्या." म्हणजे परत माणसालाच.

आता थोडं टेक्निकल, ज्यांना नको त्यांनी पुढच्या दोन-तीन पॅरा सोडा.

आरएलएस दोन पद्धतीने लावता येतं. एक म्हणजे प्रत्येक रीजनचा वेगळा रोल, नागपूर, कोल्हापूर, नाशिक, आणि त्यात माणसं टाकायची. चार रीजन असतील तर ठीक, पण टेरिटरी बदलत राहतात आणि मग कोणीतरी दोन रोलमधे राहून जातं. दोन रोलमधे असलेल्या माणसाला दोन्हीची बेरीज दिसते, दोन्हीत सामाईक तेवढंच नाही, हे बऱ्याच जणांना उलटं वाटतं. म्हणजे कोणाचं दिसणं कमी करायला त्याला अजून एका रोलमधे टाकलं तर उलट वाढतं. दुसरी पद्धत डायनॅमिक, एक मॅपिंग टेबल ठेवायचं, एका कॉलममधे लॉगिन आयडी आणि दुसऱ्यात रीजन, आणि एकच रोल ज्यात यूजर प्रिन्सिपल नेमचं, म्हणजे लॉगिनच्या नावाचं, फंक्शन वापरून जो लॉगिन आहे त्याचीच ओळ निवडायची. मी शक्यतो हीच वापरते. फक्त यात अडकायच्या जागा ठरलेल्या आहेत. लॉगिनचं प्रिन्सिपल नेम आणि ईमेल आयडी एकच असेल असं नाही, कित्येक कंपन्यांत ईमेल एक डोमेनवर आणि लॉगिन दुसऱ्यावर असतं, कंपनी विकली गेली, नाव बदललं की हमखास. मग माणूस येतो आणि सगळं ब्लँक. सगळं ब्लँक दिसलं तर समजा मॅपिंगमधे नाव नाहीये किंवा जुळत नाहीये, आणि परमिशन नाही अशी एररच आली तर त्याला रोलमधे टाकलेलंच नाहीये, हा फरक माहीत असला की अर्धा तास वाचतो. आणि डेटा इम्पोर्ट मोडमधे असेल, म्हणजे त्याची प्रत पॉवर बीआयमधे ठेवलेली असेल, तर मॅपिंगच्या एक्सेलमधे बदल करून काही होत नाही, रिफ्रेश झाल्याशिवाय तो लागू होत नाही. बदली सकाळी झाली आणि रिफ्रेश रात्री असेल तर दिवसभर जुनंच दिसणार.

रोलमधे एकेक माणूस टाकण्याऐवजी सिक्युरिटी ग्रुप टाका, म्हणजे माणूस आला-गेला तर आयटीवाल्यांनी ग्रुपमधे बदल केला की झालं. पण मायक्रोसॉफ्ट थ्री सिक्स्टी फाइव्हचे ग्रुप, ते टीम्सबरोबर आपोआप तयार होणारे, ते आरएलएसच्या रोलमधे चालत नाहीत. सिक्युरिटी ग्रुपच मागा. आयटीला तिकीट टाकताना हा शब्द नीट लिहा, नाहीतर ते प्रेमाने चुकीचा ग्रुप बनवून तिकीट क्लोज करतात.

बरं, हे सगळं नीट झालं असं धरू. पहिल्याच आठवड्यात फोन येतो, "मॅडम, डॅशबोर्डमधे गडबड आहे, सगळे रीजन पहिल्या नंबरवर दाखवतंय." हो ना! कारण नागपूरवाल्याला फक्त नागपूर दिसतंय, एकाच माणसाच्या शर्यतीत तो पहिलाच येणार. कंपनीच्या एकूण सेलमधे तुमचा वाटा, तर प्रत्येकाला शंभर टक्के. सगळे पहिले, सगळे शंभर टक्के, इतकी खूश सेल्स टीम मी कधी बघितली नाही. पण मॅनेजमेंटला तर स्पर्धा लावायची असते, आपण कितवे आहोत ते कळलंच पाहिजे, फक्त दुसऱ्याचे रुपये दिसता कामा नयेत.

यावर उपाय म्हणजे एक वेगळं छोटं समरी टेबल, रीजन आणि महिना एवढंच, जे मुख्य टेबलला रिलेशनशिपने जोडायचंच नाही, कारण जोडलं की फिल्टर त्या रस्त्याने तिकडेही पोचतो. कॅल्क्युलेटेड टेबल, म्हणजे फॉर्म्युल्याने बनणारं, केलं तरी चालतं, ते रिफ्रेशच्या वेळी तयार होतं, तेव्हा बघणारा कोण हा प्रश्नच नसतो त्यामुळे पूर्ण डेटावर बनतं. पण मग हे टेबल सगळ्यांना पूर्ण उघडं आहे हे डोक्यात ठेवून त्यात काय घालायचं ते ठरवा. मी त्यात रुपये घालत नाही, टार्गेटच्या किती टक्के झालं आणि रँक, बास. आणि हे सुद्धा आधी सेल्स हेडना विचारून, कारण रँक दाखवायची की नाही हा निर्णय सॉफ्टवेअरवाल्याचा नाहीच. एका ठिकाणी ते म्हणाले फक्त वरचे तीन दाखवा, खालच्यांची नावं नकोत, नाहीतर पोरं सोडून जातात. मला पटलं ते.

मग मार्जिन. प्रत्येक कंपनीत एक कॉलम असा असतो ज्याच्यावरून खरे वाद होतात आणि तो बहुतेक वेळा कॉस्ट किंवा मार्जिन असतो. मार्जिन कळलं की सेल्सवाला डिस्काउंट देताना त्याच्या काठापर्यंत जातो असं मालकांचं म्हणणं, आणि मार्जिन कळल्याशिवाय आम्ही भाव कसा ठरवायचा असं सेल्सवाल्यांचं, दोघंही खरे. मी या वादात पडत नाही. पण "कॉलम हाईड केलाय" हे ऐकलं की मात्र मधे बोलावंच लागतं. हाईड करणं म्हणजे सिक्युरिटी नाही! ते नुसतं पसारा कमी करायला आहे. ज्याला त्या मॉडेलवर बिल्ड परमिशन आहे, म्हणजे जो एक्सेलमधून जोडून स्वतःचा पिव्होट बनवू शकतो, तो हाईड केलेल्या कॉलमवर क्वेरी मारून आकडे काढू शकतो. पान लपवलं, व्हिज्युअल बुकमार्कच्या मागे ठेवलं, त्याचंही तेच. कॉलम खरंच लपवायचा तर ऑब्जेक्ट लेव्हल सिक्युरिटी (ओएलएस) लावायची, त्यात त्या माणसासाठी तो कॉलम अस्तित्वातच नसतो. आणि मग ज्या व्हिज्युअलमधे तो कॉलम वापरलाय ते व्हिज्युअल त्याच्यासाठी तुटतं, एरर दाखवतं, त्यामुळे अशा लोकांना पान वेगळंच बनवावं लागतं. अजून एक, ओळींचा नियम एका रोलमधे आणि कॉलमचा नियम दुसऱ्या रोलमधे ठेवून एकाच माणसाला दोन्हीत टाकलं तर ते जुळत नाही, क्वेरीलाच एरर येते. दोन्ही नियम एकाच रोलमधे ठेवा. आणि हो, हे पण परत व्ह्यूअरलाच लागू. मेंबरला नाही. मी हे इतक्या वेळा बोलते की घरी पण चेष्टा होते.

आता लायसन्स. मेंबरचा घोळ निदान अजाणतेपणी होतो, एकच आयडी सगळ्यांनी वापरणं मात्र लोक जाणूनबुजून करतात. प्रत्येक बघणाऱ्याला प्रो लायसन्स लागतं, नाहीतर कंपनीने मोठी कपॅसिटी, म्हणजे आपल्यासाठी राखीव कम्प्युटिंग ताकद, घ्यायची, एफ सिक्स्टी फोर किंवा वरची, तेव्हा नुसते बघणारे फ्री लायसन्सवर चालतात, पण ती कपॅसिटी छोट्या कंपनीच्या खिशाबाहेरची. प्रोचा दर एप्रिल 2025 मधे माणशी महिना 10 डॉलरवरून 14 डॉलर झाला. मग काय, एक आयडी घ्यायचा, सेल्स ॲट अमुक डॉट कॉम, आणि पासवर्ड सगळ्या एरिया मॅनेजरच्या ग्रुपवर. लायसन्सच्या नियमात बसत नाही ते आहेच, पण त्यापेक्षा, अरे बाबा, मग आरएलएस कोणावर लावणार? लॉगिन एकच, त्यामुळे सिस्टीमच्या दृष्टीने माणूसही एकच. सगळ्यांना सगळं. आणि जो कंपनी सोडून समोरच्या कॉम्पिटिटरकडे गेला त्याच्याकडे पासवर्ड आहेच, बदलायचा म्हणलं तर सगळ्यांचं काम थांबतं म्हणून कोणी बदलत नाही.

हेच टॅलीच्या बाबतीत. बऱ्याच ऑफिसात अजूनही एकच ॲडमिन युजर असतो आणि मालक, अकाउंटंट, दुपारी येणारी एंट्रीवाली मुलगी, सीएच्या ऑफिसातला आर्टिकल (शिकाऊ), सगळे त्याच्यातच. आता 1 एप्रिल 2023 पासून कंपन्यांना असंच अकाउंटिंग सॉफ्टवेअर वापरायचं बंधन आहे ज्यात ऑडिट ट्रेल असेल, म्हणजे एंट्रीत कधी काय बदललं त्याची नोंद राहील आणि ती बंद करता येणार नाही, आणि ऑडिटरला त्यावर आपल्या रिपोर्टमधे लिहावं लागतं. लोकांनी एडिट लॉगवालं व्हर्जन टाकलं, झालं आपलं. लॉग उघडून बघा, प्रत्येक बदलापुढे एकच नाव, ॲडमिन. व्हाउचर बदललं ॲडमिनने, तारीख बदलली ॲडमिनने. लॉग आहे, पण विचारायचं कोणाला?

आणि यातूनच मला जे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते येतं, ज्याच्याकडे कोणी बघतच नाही. सगळी चर्चा कोणाला दिसतंय यावर, आकडा कोण बदलू शकतो यावर कोणी बोलत नाही. डॅशबोर्ड तर फक्त दाखवतो. टार्गेट कुठून येतं? शेअरपॉइंटवरच्या एका एक्सेलमधून. रिजेक्शन कुठून येतं? शिफ्ट संपल्यावर कोणीतरी शीटमधे टाइप करतो. आणि त्या फोल्डरला एडिट ॲक्सेस कोणाला? "सगळ्यांना आहे हो, नाहीतर फाइल लॉक येते." म्हणजे वर एवढं आरएलएस, ओएलएस, सिक्युरिटी ग्रुप करून ठेवलंय आणि खाली ज्याचं इन्सेंटिव्ह टार्गेटवर ठरतं तोच माणूस टार्गेटचा आकडा बदलू शकतो. तो बदलेलच असं म्हणत नाहीये मी. बहुतेक लोक प्रामाणिक असतात, पण क्वार्टरच्या शेवटी आकडा कमी पडत असताना समोर उघडी फाइल असणं हे त्याच्यावरच अन्याय आहे, आणि नंतर आकडा चुकला की पहिला संशय त्याच्यावरच येणार.

याचं टोकाचं उदाहरण म्हणजे बॅरिंग्ज बँक. लंडनची दोनशे वर्षांहून जुनी बँक, 1995 मधे बुडाली, कारण सिंगापूरच्या ऑफिसात निक लीसन हा एकच माणूस सौदे पण करत होता आणि त्या सौद्यांची सेटलमेंट बघणाऱ्या बॅक ऑफिसचा प्रमुख पण तोच होता, त्यामुळे तोटा एका एरर अकाउंटमधे लपवून ठेवता आला, आणि शेवटी आकडा निघाला 82.7 कोटी पाउंड. तिथे हॅकिंग वगैरे काही झालं नव्हतं, जे ॲक्सेस होते ते कंपनीनेच दिलेले, फक्त दोन एका हातात नको होते. आपल्या बँकांत मेकर-चेकर म्हणतात ते याच्यासाठीच, एकाने एंट्री करायची, दुसऱ्याने पास करायची. केपीआयच्या, म्हणजे कामगिरीच्या आकड्यांच्या, शीटला एवढं काही लागत नाही पण निदान टार्गेट फायनान्सने टाकावं, ॲक्च्युअल शक्यतो ईआरपीमधून, म्हणजे कंपनीच्या रोजच्या व्यवहारांच्या सॉफ्टवेअरमधून, सरळ यावं, आणि जिथे हाताने टाकावंच लागतं तिथे टाकणारा आणि मंजूर करणारा वेगळा असावा. आणि महिना क्लोज झाला की ती शीट रीड ओन्ली, मग कोणीही येऊन "तेवढी एक करेक्शन" म्हणलं तरी पुढच्या महिन्यात घ्यायची.

लिस्टेड कंपनीत काम करणाऱ्यांसाठी यात एक वेगळाच मामला आहे. सेबीचे इनसायडर ट्रेडिंगचे 2015 चे नियम आहेत, त्यात निकाल जाहीर व्हायच्या आधीचे आर्थिक आकडे ही अप्रकाशित आणि भावावर परिणाम करणारी माहिती धरली जाते. क्वार्टर संपल्यापासून निकाल जाहीर झाल्यावर 48 तासांपर्यंत ट्रेडिंग विंडो बंद असते, म्हणजे आतल्या लोकांना कंपनीचे शेअर घेता-विकता येत नाहीत, आणि अशी माहिती कोणाकोणाला दिली त्याचा डेटाबेस, नाव आणि पॅनसकट, टाइम स्टॅम्प आणि ऑडिट ट्रेल असलेला, कंपनीला आठ वर्षं ठेवावा लागतो. आता विचार करा, 31 मार्चच्या रात्री ज्या डॅशबोर्डवर अख्ख्या कंपनीचा सेल आणि मार्जिन लाइव्ह दिसतंय तो किती लोकांना उघडा आहे, आणि त्यातले किती कंपनी सेक्रेटरीच्या त्या यादीत आहेत. बहुतेक ठिकाणी कंपनी सेक्रेटरींना असा डॅशबोर्ड आहे हेच माहीत नसतं. 2017 मधे काही नामांकित कंपन्यांचे निकाल जाहीर व्हायच्या आधीच व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरत असल्याचं प्रकरण गाजलं होतं, आठवत असेल. अशा कंपनीत मी एकत्रित आकड्यांचं पान वेगळ्या वर्कस्पेसमधे ठेवायला सांगते, मोजक्या लोकांना, आणि कोणी कधी उघडलं त्याचा ॲक्टिव्हिटी लॉग नियमित बाहेर काढून साठवायला, कारण तो सिस्टीममधे फार दिवस राहत नाही.

एक्सपोर्टबद्दल जास्त लिहीत नाही. एक्सेलमधे डाउनलोड झालं की तुमचे सगळे रोल तिथे संपले, ती फाइल मग फिरते. निदान अंडरलाइंग डेटाचं, म्हणजे मागच्या मूळ ओळींचं, एक्सपोर्ट बंद ठेवा, समरी तेवढी चालू राहू दे, एकदम सगळं बंद केलं तर लोक मोबाइलने स्क्रीनचा फोटो काढतात आणि तो अजून वाईट.

आणि बदल्या. माणूस सेल्समधून परचेसला गेला की नवा ॲक्सेस त्याच दिवशी मागून घेतो, कारण तो नसेल तर काम अडतं, पण जुना कोणीही परत करत नाही कारण त्याने कोणाचंच अडत नाही. दहा वर्षं कंपनीत असलेल्या, चार डिपार्टमेंट फिरलेल्या एखाद्या मॅनेजरकडे एमडींपेक्षा जास्त ॲक्सेस असतो. सोडून जाणाऱ्यांचं त्यातल्या त्यात बरं, एचआर अकाउंट बंद करतं. मी क्लायंटना सांगते की तीन महिन्यातून एकदा मॅपिंगची शीट आणि वर्कस्पेसची यादी त्या त्या डिपार्टमेंट हेडकडे पाठवा, आयटीकडे नाही, कारण कोण कुठे काम करतंय हे आयटीला कळत नाही, आणि हेडनी नुसतं "ओके" लिहून पाठवलं तर परत पाठवा. जो प्रत्येक नावापुढे काहीतरी लिहील त्याचंच खरं धरा.

हे सगळं वाचून आज ऑफिसात काय बघायचं असेल तर दोन जागा. पहिली, वर्कस्पेस उघडून मॅनेज ॲक्सेस, व्ह्यूअर सोडून जी नावं आहेत त्यातली रिपोर्ट बनवणारी खरंच किती ते मोजा. दुसरी, ज्यांच्याकडे टेनंटचा, म्हणजे कंपनीच्या अख्ख्या पॉवर बीआय खात्याचा, ॲडमिन आहे त्यांच्याकडून ॲडमिन पोर्टलमधलं एम्बेड कोड्सचं पान उघडून घ्या. "पब्लिश टू वेब" नावाचं एक बटण आहे, त्याने बनलेली लिंक इंटरनेटवर कोणालाही उघडते, लॉगिन काहीच लागत नाही. आरएलएस असलेल्या रिपोर्टला ते चालत नाही, पण ज्या मॉडेलवर आरएलएस लावायचंच राहून गेलंय त्याला चालतं, आणि कोणीतरी कधीतरी "टीव्हीवर लावायला सोपं पडतं" म्हणून ते दाबलेलं असतं. त्या पानावर कंपनीतल्या अशा सगळ्या लिंक दिसतात, कोणी पब्लिश केल्या त्याच्या नावासकट, आणि तिथूनच डिलीट पण करता येतात.